शेराला तांदूळ, निळव्याला जिरं

धण्याचा वास गिरणीच्या दारातच आला. गिरणीवाल्या दादांनी चक्कीतून पडणारं चकलीच्या भाजणीचं पहिलं पीठ चिमटीत धरलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "वैनी, धणं जरा जास्त पडलं का ओ?" मी म्हटलं, "नाही दादा, हिशोबानं घातलेत." खरंच हिशोबाने घातले होते. रात्री बसून कागदावर मांडलं होतं, कॅल्क्युलेटरवर दोनदा ताडून पाहिलं होतं. गुणाकार कुठेच चुकला नव्हता. ज्या ओळीवर तो उभा होता ती पहिली ओळच चुकलेली होती, आणि ते कळायला संध्याकाळचा पहिला घाणा तळावा लागला.

चकल्या सोऱ्यातून सलग पडेनात. एक वेढा पुरा व्हायच्या आत तुटायच्या. ज्या कशाबशा जमल्या त्या तेलात कडांनी सुटल्या, रंग काळपट आला, हातात घेतली की बोटं तेलाने माखायची. जिभेवर आधी धणे, मग जिरं आणि मागून कडवटपणा. २५ किलोच्या वर पीठ डब्यांत भरून समोर होतं आणि चार दिवसांनी ते पाकिटांतून गिऱ्हाइकांकडे जायचं होतं.

आमचा ११ जणींचा बचत गट, कराडपासून जवळच्या एका गावात. दिवाळीचा फराळ आम्ही सहा वर्षं करतोय. आधी घरच्या घरी, दोन-तीन किलोच्या हिशोबात, वाटीने मोजून व्हायचं. त्या वर्षी पहिल्यांदा भाजणीची मोठी मागणी आली. माझ्या सासूबाईंचं प्रमाण गटात सगळ्यांना पसंत: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी मूग डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, एक वाटी जाडे पोहे, अर्धी वाटी धणे, पाव वाटी जिरे. पण दुकानदार वाटीने देत नाही, किलोने देतो. हिशोबाची वही माझ्याकडे, म्हणून वाट्यांचे किलो करायचं काम माझ्याकडे आलं.

मी एक वाटी तांदूळ तोलले. १४४ ग्रॅम भरले. एक वाटी हरभरा डाळ तोलली, १४० भरली. मग मनाशी म्हटलं, वाटी म्हणजे दीडशे ग्रॅम धरू, थोडं जास्त आणलेलं बरं. हीच ती पहिली ओळ. त्या दीडशेने मी सगळं गुणलं, पोहेही, धणेही, जिरेही. प्रमाण २० पट करायचं होतं. तांदूळ १२ किलो, हरभरा डाळ ६, मूग ३, उडीद दीड, पोहे ३ किलो, धणे दीड किलो, जिरे पाऊण किलो. कागद कसा स्वच्छ दिसत होता!

घाणा बिघडल्यावर त्या रात्री मी उरलेले धणे त्याच वाटीत सपाट भरून काट्यावर ठेवले. ५५ ग्रॅम. पुन्हा भरले, पुन्हा ५५. जाडे पोहे ६० ग्रॅम. जिरे ७५. म्हणजे २० पटीला धणे ५५० ग्रॅम लागायचे, मी दीड किलो घातले होते. पोहे १ किलो २०० लागायचे, गेले ३ किलो. जिरे दुप्पट. तांदूळ आणि डाळी मात्र जवळजवळ बरोबर, कारण त्यांचं वजन दीडशेच्या आसपासच होतं. खरेदीचा ढीग बघून कुणालाही शंका आली नाही ती याचमुळे. मोठ्या पोत्यांत चूक नव्हतीच, ती छोट्या पिशव्यांत बसली होती.

त्या पिठाचं काय केलं तेही सांगते, कारण अशी वेळ कुणावर येऊ शकते. चकलीला ते चालणार नव्हतं, पण थालीपिठाला धणे-जिरे चालतात. आम्ही ज्वारी, बाजरी आणि थोडे गहू भाजून दळून आणले, त्यात हे पीठ मिसळलं आणि थालिपीठाची भाजणी म्हणून कमी भावात विकलं. चकलीच्या भाजणीसाठी पुन्हा सगळं नव्याने आणलं, रात्री जागून भाजलं. नफा राहिला नाही, पण दिलेला शब्द राहिला.

दिवाळी झाल्यावर मी ठरवलं की गटाच्या वहीतला प्रत्येक पदार्थ काट्यावर आणायचा. कुणाच्या अंदाजावर नाही, इंटरनेटवरच्या तक्त्यावर नाही. आमचीच वाटी, आमचेच जिन्नस, आमचाच काटा.

काटा पाच किलोपर्यंत तोलणारा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा घेतला. तो खरा आहे का हे बघायला पाच रुपयांची, २०१९ च्या आधीची पिवळी नाणी वापरली. एक नाणं ६ ग्रॅमचं असतं, दहा नाण्यांचे ६० यायला हवेत. आले. (जुनं पांढरं, जाड पाचाचं नाणं ९ ग्रॅमचं आहे, ते त्यात मिसळू नका.) मग सासूबाईंची स्टीलची वाटी काठोकाठ पाण्याने भरली. रिकाम्या वाटीवर काटा शून्य केला होता, भरल्यावर १७० दाखवले. पाण्याचं एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, म्हणून वाटी १७० मिलिलिटरची. हा एक आकडा हातात असला की उद्या वाटी हरवली तरी बिघडत नाही.

मग एकेक जिन्नस. भरायची पद्धत एकच ठेवली: पसरट डब्यातून डावाने वाटीत ओतायचं, वाटी आपटायची नाही, वरची शीग फूटपट्टीच्या कडेने सपाट काढायची. प्रत्येक जिन्नस तीनदा. तांदळात दोन-तीन ग्रॅमचा फरक पडायचा, डाळींत तेवढाच. मूग डाळ १४६, उडीद डाळ १४८, बारीक रवा १२०, साखर १४५, पिठीसाखर ९० ते १०५, पातळ पोहे जेमतेम २७. वितळलेलं तूप १५५. वाटी तीच, जागा तेवढीच, आणि आत २७ पासून १५५ पर्यंत काहीही.

धण्याजवळ मी जास्त वेळ थांबले. दाणा दातात फोडून पाहिला. तो आतून पोकळ असतो, दोन पाकळ्या जोडाव्यात तसा, मध्ये रिकामी जागा. म्हणजे वाटीभर धण्यांत दाण्यांच्या मधली हवा आहेच, शिवाय प्रत्येक दाण्याच्या पोटात आणखी. पोह्याचं वेगळं. तो चपटा, वाकडा, एकमेकांवर आडवातिडवा पडतो, नीट बसत नाही. तांदूळ आणि डाळी घट्ट, भरीव दाण्यांच्या, म्हणून त्यांची वजनं एकमेकांच्या जवळ. पुढच्या खेपेला कराडच्या बाजारातून आणलेले धणे बारीक दाण्याचे होते, तर तीच वाटी ६१ ग्रॅम भरली. अर्धी वाटी म्हटली की पहिल्या धण्यांचे साडेसत्तावीस ग्रॅम आणि या धण्यांचे साडेतीस. एका घराच्या चकलीला हा फरक पडत नाही, ४० किलोला पडतो. त्या दिवसापासून आमच्या कागदावर धण्यांपुढे वाटी राहिली नाही.

हे सगळं मी ओट्यावर मांडून बसलेली असताना शेजारच्या आक्का आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण गावात चकलीचं पीठ हाताने दाबून पाणी सांगणाऱ्या त्या एकट्या उरल्यात. थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "वाटी कुठनं आली गं ह्यात? आमच्या सासूच्या हातात वाटी नव्हती, शेर-मापटं असायचं."

"मग प्रमाण कसं सांगायच्या त्या, आक्का?"

"कसं म्हंजी? शेराला तांदूळ, मापट्याला हरबऱ्याची डाळ, चिपट्याला मूग, कोळव्याला उडीद. पोहं चिपटंभर, धणं कोळवंभर, जिरं निळवंभर. झाली भाजणी."

मी पेन हातात धरून तशीच बसले. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. पुढे चार शेरांची पायली. शेरापर्यंत प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. आणि आमच्या वहीतल्या वाट्या काय होत्या? चार, दोन, एक, अर्धी, पाव. तंतोतंत तीच उतरंड. भाजणीचं प्रमाण कुणी आकड्यांत बसवलेलंच नव्हतं, ते घरातल्या मापांच्या रांगेत बसवलेलं होतं. कोनाड्यातून एकेक लहान होत जाणारं माप उचलायचं आणि पुढचा जिन्नस मोजायचा, विसरायला जागाच नाही. कधीतरी घरातून मापटी-चिपटी गेली, चिपट्याच्या जागी वाटी आली आणि प्रमाण तसंच पुढे चालत राहिलं. मला हे इतकं सुंदर वाटलं की त्या दिवशी पुढे काही तोललंच नाही.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी त्यांच्याकडची पितळी मापं आणून दिली. शेर आणि निळवं केव्हाच हरवलेलं. मापटं, चिपटं आणि कोळवं होतं, कडा झिजलेल्या, एकाच्या तळाला पोचा. पाण्याने भरून तोलली: मापटं ५९०, चिपटं २९०, कोळवं १४९. दोन कोळवी पाणी चिपट्यात ओतलं तर थोडं सांडलं. सासूबाईंच्या वाटीपेक्षा चिपटं खूपच मोठं, पण त्याने काही अडत नाही. सगळं एकाच घरातल्या मापांनी मोजलं की नातं तेच राहतं.

पण आक्का शीग काढत नाहीत. "धान्य शिगेनं मोजायचं, हात आखडता घ्यायचा न्हाय," असं त्या म्हणतात. मापटं सपाट तांदळाने भरलं तर ४९८ ग्रॅम, त्यांच्या हातच्या शिगेने ५६० च्या पुढे. शीग किती चढेल हे भांड्याच्या तोंडावर आणि दाण्यावर ठरतं. पसरट तोंडाच्या वाटीवर ती मोठी, उभ्या फुलपात्रावर छोटी. साखर-तांदूळ घसरतात, पोहे आणि पीठ डोंगरासारखे उभे राहतात. म्हणून "एक वाटी" लिहिताना सपाट की शिगेची हे लिहिलं नसेल, तर ते प्रमाण अर्धंच लिहिलेलं आहे असं मी आता मानते.

आक्कांना शेराचा एक गोंधळही आठवत होता. धान्य मोजायचा शेर कैली, म्हणजे मापाचा. किराण्याचा शेर वजनी, ८० तोळ्यांचा. नाव एकच. वजनी शेर आजच्या हिशोबात ९३३ ग्रॅम होतो, पण कैली शेरात काय भरलंय त्यावर त्याचं वजन बदलतं. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, पुढे १९६२ पासून ती सक्तीची झाली. आक्का तेव्हा नव्या नवरी होत्या. दुकानात किलो आला तरी तोंडातला पावशेर गेला नाही. आजही गावात पावशेर शेंगदाणे मागतात आणि २५० ग्रॅम मिळतात. जुन्या वजनी शेराचा पाव मात्र २३३ ग्रॅमचा होता. कुणाकडे त्या काळातली वही असेल आणि तिच्यात "पावशेर तूप" असेल, तर एवढं ध्यानात ठेवावं.

दाण्यांचं काम असं मार्गी लागलं. पिठाने मात्र मला आठवडाभर बसवून ठेवलं.

आमच्या पाकिटावर कृती छापलेली होती: एक वाटी भाजणीला पाऊण वाटी पाणी. काही गिऱ्हाइकं म्हणायची पीठ सैल झालं, काही म्हणायची चकली तुटली. भाजणी तर एकाच डब्यातली. मी गटातल्या पाच जणींना बोलावलं. तीच वाटी, तोच डबा, प्रत्येकीने आपल्या घरी भरते तशी एक वाटी भाजणी भरायची. काही सांगितलं नाही, काही टोकलं नाही. पहिलीने चमच्याने हलकेच ओतली: ८३ ग्रॅम. दुसरीची ८९. तिसरीने डब्यात वाटी खुपसून वर काढली: ९६. चौथीने तसंच केलं आणि वरून हाताने पुसली: १०१. पाचवीने वाटी ओट्यावर दोनदा आपटली, जागा झाली तिथे आणखी पीठ घातलं: १०९. २६ ग्रॅमचा फरक, आणि पाचही जणी म्हणत होत्या की मी सपाट एक वाटीच भरली.

पाणी सगळ्यांचं सारखंच. पाऊण वाटी म्हणजे साधारण १२७ ग्रॅम, ते दाबून भरता येत नाही. मग पहिलीच्या पिठाला ते खूप झालं आणि पाचवीच्या पिठाला कमी पडलं. चूक कुणाचीच नव्हती. तांदूळ वाटीत सपाट भरले तर एवढा फरक पडत नाही. पीठ चाळलं की फुगतं, डब्यात चार दिवस राहिलं की खाली बसतं, आपटलं की दबतं. पिठाला वाटी हे मापच नाही असं माझं आता ठाम मत झालं आहे. बेसन, मैदा, कणीक, भाजणी, पिठीसाखर, दूध पावडर, हे सगळं काट्यावरच घ्यावं.

याच सुमारास एका गिऱ्हाईक ताईंच्या लेकीचा मेलबर्नहून फोन आला. तिने आमच्या पाकिटावरची वाटी म्हणजे कप धरला होता. ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलिलिटरचा, अमेरिकेचा साधारण २३७ चा, आणि तिने भाजणी मोजली ती राइस कुकरबरोबर आलेल्या कपाने, जो १८० चा असतो. पाणी मात्र मोजायच्या कपाने. तिकडचा मोठा चमचाही २० मिलिलिटरचा असतो, बाकी बऱ्याच ठिकाणी १५ चा, म्हणजे मोहनही वाढलं. मी तिला म्हटलं, "बाळा, पुढच्या वेळी सगळं एकाच भांड्याने घे, नाहीतर सगळं काट्यावर घे. अर्धं असं, अर्धं तसं नको." तिची चकली दुसऱ्यांदा जमली, तिने फोटो पाठवला.

तेल-तुपाचं त्या मानाने सोपं निघालं. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं, तुपाच्या डब्यावर ९०५. म्हणजे लिटरला किलो धरायचं नाही, दहावा हिस्सा कमी धरायचा. घट्ट तूप मात्र वाटीने मोजू नये, मध्ये पोकळ्या राहतात.

पुरणाचा दाखला मला द्यायलाच हवा, कारण तो प्रत्येक घराशी निगडित आहे. "डाळीइतका गूळ" हे आपण ऐकत आलो. वाटीने घेतलं तर डाळ १४० ग्रॅम आणि बारीक चिरलेला गूळ, न दाबता, १०८. म्हणजे वाटीला वाटी घेतली तर वजनाने गूळ डाळीच्या पाऊणपटच. गेल्या होळीला पुरणपोळ्यांची मागणी होती आणि आमच्यातल्या एकीने पाच किलो डाळीला पाच किलो गूळ आणून ठेवला होता. मी तिला थांबवलं, पावणेचार-चार किलो घ्यायला लावला. ज्यांच्या घरी किलोला किलोच घालतात त्यांचं पुरण तेवढं गोड असतं आणि त्यांना तेच आवडतं, यात बरोबर-चूक नाही. पण "इतका" म्हणजे मापाने की वजनाने, हे आजीने सांगितलेलं नसतं, आणि तिथेच दोन घरांची पुरणं वेगळी होतात.

मीठ, हळद, तिखट, हिंग यांना माझा काटा पुरा पडत नव्हता. एक चमचा हिंग ठेवला तर कधी २ दाखवायचा, कधी ३. मग दहा चमचे एकदम तोलले आणि दहाने भागलं. बारीक मिठाचा सपाट पाच मिलिलिटरचा चमचा ६ ग्रॅम निघाला. खडे मिठाचा प्रत्येक वेळी वेगळा, म्हणून भाजणीच्या कृतीत बारीक मीठच लिहिलं.

एक गोष्ट वाटीच्या हिशोबात कधीच दिसली नव्हती, ती काट्याने दाखवली. भाजणीत वजन घटतं. तांदूळ धुऊन सावलीत वाळवतो, पण तोलायचे ते धुण्याआधी. मग सगळं वेगवेगळं भाजताना ओल जाते, आणि थोडं पीठ गिरणीत राहतं. पाचपट प्रमाण करून पाहिलं: कच्चा माल ५ किलो ९१० ग्रॅम, भाजून ५ किलो ५३०, दळून घरी आलं ५ किलो ४४०. शंभराला आठ गेले. पाकिटावर निव्वळ वजन ५०० ग्रॅम छापायचं तर तेवढं आत असलंच पाहिजे, वैधमापनशास्त्राचा कायदा तसा आहे आणि गिऱ्हाइकाचा पैसाही तसाच आहे. आधीची पाच वर्षं आम्ही कच्च्या मालावर किंमत धरत होतो. ही आठाची घट आमच्याच मजुरीतून जात होती, हे कळल्यावर मीटिंगमध्ये सगळ्या गप्प झाल्या, आणि मग दर बदलला.

यंदा ४० किलोची मागणी होती. घट धरून कच्चा माल ४३ किलो ७०० च्या आसपास हवा, म्हणजे आमच्या प्रमाणाच्या ३७ पट. यादी अशी निघाली: तांदूळ २१ किलो ३००, हरभरा डाळ १० किलो ३६०, मूग ५ किलो ४००, उडीद २ किलो ७४०, पोहे २ किलो २२०, धणे १ किलो २०, जिरे ७०० ग्रॅम. मागच्या पद्धतीने गेले असते तर धणे पावणेतीन किलोच्या वर झाले असते. गिरणीवाल्या दादांनी यंदाही पीठ नाकाशी नेलं. काही बोलले नाहीत, पुढचा डबा लावला.

पाकिटावरची कृतीही बदलली: अर्धा किलो भाजणी, ६० ग्रॅम कडकडीत तेलाचं मोहन (काटा नसेल तर ६६ मिलिलिटर), ६२५ मिलिलिटर पाणी. त्याच्या खाली मी एक ओळ ठेवली, "लागल्यास थोडं आणखी". गटात कुणीतरी विचारलं की एवढं तोलून शेवटी ही ओळ कशाला. ती आक्कांमुळे आहे.

छापायच्या आधी आक्कांच्या समोर एक अर्धा किलो भिजवून पाहिलं. परात काट्यावरच ठेवली होती. मोहन घातलं, उकळतं पाणी ६२५ मोजून ओतलं, झाकून ठेवलं, कोमट झाल्यावर मळलं. मला गोळा ठीक वाटला. आक्कांनी तो बोटाने दाबला, उचलून तळहातावर एक वळी केली, तिच्या कडेला बारीक भेगा होत्या. "कोरडं हाय अजून," म्हणाल्या. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून तीनदा पिठावर शिंतडली, पुन्हा मळलं, पुन्हा वळी केली. भेगा मिटल्या. मी काटा पाहिला. १८ ग्रॅम वाढले होते. वहीत लिहिलं: ६२५ अधिक १८, कोरडी हवा, पीठ दळून चार दिवस झालेले. सोऱ्यातून चकली चार वेढे सलग पडली आणि तळल्यावर तिच्या अंगावर काटे असे आले की आक्कांनी ती उजेडाकडे धरून बघितली.

आता शंकरपाळ्यांचं पान काढलंय. त्यात सासूबाईंच्या अक्षरात आहे: एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध, मावेल तेवढा मैदा. पहिल्या तिन्हींची वजनं लिहून झालीत. मैद्यासाठी डबा मळण्याआधी तोलायचा आणि मळून झाल्यावर तोलायचा, मधला फरक तेवढा मैदा मावला. आतापर्यंत चार जणींनी चार वेळा मळलं: ६१०, ५८५, ६४०, ६०० ग्रॅम. ६४० वाल्या थोड्या कडक झाल्या, बाकीच्या तिन्ही खुसखुशीत. आक्कांच्या हातचं मळणं अजून व्हायचंय, उद्या सकाळी त्या येणार आहेत.